विजेचं भुईभाडं

आयर्लंडमध्ये विजेचं बिल पूर्वापार दोन महिन्यांनी येतं. आमचं एनिस हे क्लेअर परगण्यातलं जिल्ह्याचं गाव, आपल्याकडच्या मध्यम तालुक्याएवढं. इथल्या बिलावर युनिटच्या हिशोबाखाली एक ओळ असते, 'स्टँडिंग चार्ज'. शब्दशः भाषांतर केलं तर 'उभा आकार'. आपल्याकडच्या बिलावर हाच 'स्थिर आकार' म्हणून छापलेला असतो. एक उभा, दुसरा स्थिर. खाली मात्र दोन्हींपैकी कोणीच बसत नाही!

या ओळीवर लिहायचं निमित्त आमचे सांगलीचे मामा. त्यांनी गच्चीवर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल बसवून घेतले. वर ऊन भरपूर, घरात माणसं दोन. महिन्याला घरातून बाहेर गेलेली वीज बाहेरून आलेल्या विजेपेक्षा जास्त भरते. तरी बिल येतंच. मामांचा फोन आला.

"अरे, मी त्यांचं एक युनिट वापरलं नाही, उलट मीच त्यांना दिलं. मग हे पैसे कसले?"

"मामा, ते पैसे विजेचे नाहीतच."

"बिल विजेचं, आणि पैसे विजेचे नाहीत? डॉक्टरेट करून हेच शिकलास का?"

आता मामांना फोनवर काय सांगणार? कारण हा प्रश्न मामांचा एकट्याचा नाही, आणि सौर पॅनेलमुळे नव्याने उपटलेलाही नाही. १९४६ नंतर हाच प्रश्न आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी विचारला होता, तेही अगदी याच सुरात. तेव्हा गच्चीवर पॅनेल नव्हते. घरात वीजच नव्हती.

पण आधी थोडं मागे जायला हवं, कारण या उभ्या आकाराचा जन्म आयर्लंडचा नाही, इंग्लंडचा. जॉन हॉपकिन्सन नावाचा एक इंजिनिअर होता. मँचेस्टरचा, गणितात अतिशय हुशार, एडिसनच्या डायनामोत सुधारणा करणाऱ्यांपैकी एक. १८९२ मध्ये त्याने वीजपुरवठ्याच्या खर्चावर एक व्याख्यान दिलं. त्या काळी वीज म्हणजे प्रामुख्याने दिवे. संध्याकाळ झाली की सगळे एकदम दिवे लावणार, रात्री झोपताना एकदम मालवणार. वीज साठवून ठेवायची सोय जवळपास नाही. म्हणजे कंपनीला बॉयलर, इंजिन, डायनामो, तारा हे सगळं त्या दोन-तीन तासांच्या गर्दीला पुरेल एवढं मोठं बांधून ठेवावं लागणार, आणि उरलेले वीस-एकवीस तास ते पडून राहणार. हॉपकिन्सनने हा खर्च दोन भागांत फोडून दाखवला. एक भाग तुम्ही किती वीज वापरता त्यावर वाढतो, म्हणजे कोळसा. दुसरा भाग तुम्ही वीज वापरा अथवा न वापरा, तुमच्यासाठी तयार राहण्याचा. त्याचं म्हणणं असं की ग्राहकाकडून पैसेही असेच दोन भागांत घ्यावेत. जो माणूस शंभर दिवे लावून ठेवतो पण वर्षातून चार वेळा मेजवानीला पेटवतो, त्याच्यासाठीची तयारी काही फुकट होत नाही. (हा हॉपकिन्सन पुढे १८९८ मध्ये आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना आपल्या तीन मुलांसह मरण पावला. वीजबिलाच्या इतिहासात याचं काही काम नाही, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.)

हॉपकिन्सनचा विचार ब्रायटनच्या आर्थर राइटने प्रत्यक्षात आणला. ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली हे नोंदवणारं यंत्र त्याने बनवलं. शिकागोच्या वीज कंपनीचा सॅम्युअल इन्सल १८९४ मध्ये इंग्लंडला आला असताना त्याने ते पाहिलं, आणि ही दोन तुकड्यांची दरपद्धत अमेरिकेत नेली. तिथून ती जगभर गेली.

इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण लोक हमखास गल्लत करतात. 'स्थिर आकार' वेगळा आणि 'किमान आकार' वेगळा. समजा स्थिर आकार १०० रुपये आहे. तुम्ही ३०० रुपयांची वीज वापरलीत तर बिल ४०० रुपये, काहीच वापरली नाहीत तर १००. किमान आकार १०० असेल तर ३०० रुपयांची वीज वापरणाऱ्याचं बिल ३०० च. फक्त ज्याचं बिल शंभराच्या खाली गेलं, त्याला ते शंभरापर्यंत वर ओढून दिलं जातं. म्हणजे किमान आकार बहुसंख्य लोकांना दिसतच नाही. तो लागतो काटकसर करणाऱ्याला, घर बंद ठेवणाऱ्याला आणि आता गच्चीवर पॅनेल लावणाऱ्याला. सौर विजेच्या गिऱ्हाइकाला दोन्हींचा परिणाम सारखाच वाटतो. शून्यावर आणलेलं बिल शून्य होत नाही.

आता आयर्लंडकडे येऊ. एनिसहून लिमरिकच्या दिशेने निघालं की पाऊणएक तासात, क्लेअरच्याच हद्दीत, आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र लागतं. शॅनन नदीचं पाणी एका लांबलचक कालव्याने वळवून तिथे खाली सोडलं आहे. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला, यादवी युद्धातून नुकताच बाहेर पडला, तिजोरीत खडखडाट, आणि अशा वेळी हे सरकार नदीवर ८५ मेगावॉटचं केंद्र बांधायला निघालं. खर्च ५० लाख पौंडांच्या वर, म्हणजे देशाच्या वार्षिक अंदाजपत्रकाचा साधारण पाचवा हिस्सा! या सगळ्यामागचा माणूस टॉमस मॅकलॉक्लिन. गॉलवेच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, १९२२ च्या अखेरीस नोकरीसाठी बर्लिनला सीमेन्समध्ये गेला, आणि तिथून शॅननची योजनाच घेऊन परत आला. वय तिशीच्या आत. मंत्री मॅकगिलिगन यांना त्याने ती पटवली, कंत्राट सीमेन्सला मिळालं, १९२५ मध्ये काम सुरू झालं आणि २२ जुलै १९२९ रोजी उद्घाटन झालं. त्याआधी १९२७ मध्ये वीज वाटायला एक सरकारी मंडळ स्थापन झालं होतं, इलेक्ट्रिसिटी सप्लाय बोर्ड, लोकांच्या तोंडी 'ईएसबी'. मॅकलॉक्लिनच त्याचा पहिला व्यवस्थापकीय संचालक. (परदेशात शिकून-नोकरी करून परत गेलेल्या इंजिनिअरांची उदाहरणं आम्हा लोकांना नातेवाईक नेहमी देतात. हे उदाहरण कृपया आमच्या घरी कळवू नये.)

आर्डनाक्रुशाची गंमत ही की तिथे कोळसा नाही. नदी पाण्याचे पैसे मागत नाही. म्हणजे हॉपकिन्सनच्या दोन भागांपैकी वापरावर वाढणारा भाग जवळजवळ शून्य, आणि सगळा खर्च काय तो सिमेंटचा, पोलादाचा, तारांचा आणि कर्जावरच्या व्याजाचा. एक युनिट विकलं काय नि लाख विकले काय, तो खर्च तेवढाच. मामांच्या गच्चीवरची स्थिती नेमकी हीच आहे. ऊन फुकट, पण पॅनेलचे पैसे आधी मोजावे लागतात. फरक एवढाच की पॅनेलचे पैसे मामांनी एकरकमी दिले म्हणून ते त्यांना लक्षात आहेत, आणि तारेचे पैसे दरमहा थोडे थोडे जातात म्हणून ते सलतात.

आर्डनाक्रुशाची वीज आधी शहरांना आणि गावांना मिळाली. खेडी अंधारातच राहिली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची मोठी योजना सुरू झाली. पहिला खांब त्या वर्षी ५ नोव्हेंबरला डब्लिनच्या उत्तरेला किलसॅलाहन इथे उभा राहिला. आणि इथे ईएसबीच्या इंजिनिअरांपुढे जो प्रश्न आला, तो आपल्याकडच्या खेड्यांना फारसा नव्हता. आपलं देशावरचं खेडं म्हणजे गावठाण. घरांना घरं चिकटलेली, शेतं बाहेर. एक डीपी बसवला की निम्मं गाव उजळतं. आयरिश शेतकरी आपल्या शेताच्या मधोमध घर बांधून राहतो. एका घरातून दुसऱ्या घराचा धूर दिसतो, पण हाक ऐकू जात नाही. कोकणातल्या वाड्या त्याहून दाट. म्हणजे एकेका घरासाठी कितीतरी खांब, कितीतरी तार, आणि दर दोन-चार घरांमागे खांबावर टांगलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर. एवढं करून त्या घरात लागणार काय? तीन दिवे आणि एक रेडिओ. नुसत्या युनिटच्या दराने हा खर्च काढायचा म्हटलं तर युनिट इतकं महाग झालं असतं की कोणी दिवा लावलाच नसता.

सरकारने खांब-तारांच्या भांडवलाचा अर्धा भार उचलायचं ठरवलं. उरलेल्यासाठी ईएसबीने स्थिर आकार लावला. तो ठरवला कशावर? घराच्या चटईक्षेत्रावर! राहत्या घराचं क्षेत्रफळ मोजायचं, त्यात गोठा-कोठारांचा काही हिस्सा मिळवायचा, आणि त्यावरून त्या घराचा दर दोन महिन्यांचा ठरीव आकडा काढायचा. वीज वापरा, न वापरा, तेवढे द्यायचेच. त्याच्यावर युनिटचा दर, तो मात्र स्वस्त. मोठ्या घराला जास्त, झोपडीवजा घराला कमी. घर फारच आडबाजूला असेल तर नेहमीच्या आकारावर एक खास आकार वेगळा.

आता इंजिनिअर म्हणून मला यात जे आवडतं ते सांगतो. हॉपकिन्सनच्या शास्त्राप्रमाणे हे चूक आहे. तारेचा खर्च घराच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, अंतरावर ठरतो. शास्त्र पाळायचं तर डोंगरापलीकडच्या विधवेच्या दोन खोल्यांना सगळ्यात जास्त आकार लागला असता, आणि रस्त्यालगतच्या वाड्याला सगळ्यात कमी. ईएसबीने हिशोब परगण्याचा किंवा देशाचा न ठेवता छोट्या भागाचा, साधारण एका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचा, एकत्र धरला. त्या भागातल्या स्थिर आकाराची बेरीज भांडवलाच्या मानाने किती येते ते पाहिलं, आणि ज्या भागात ती जास्त तिथे आधी खांब नेले. भागाच्या आत मात्र ओझं घराच्या ऐपतीवर वाटलं. म्हणजे खर्च किती हे तारेवरून ठरवलं, आणि कोणी किती द्यायचं हे घरावरून.

यामुळे गावागावांत काय झालं असेल, कल्पना करा. वीज हवी तर तुमच्या भागातल्या पुरेशा घरांनी सह्या द्यायला हव्यात. सही करणारे कमी झाले की बेरीज कमी, आणि तुमचा भाग यादीत खाली. म्हणून पाद्री, शाळामास्तर, गावच्या समित्या, बायकांच्या संघटना घरोघर फिरायच्या. लोक सही द्यायचे, आणि प्रत्यक्ष खड्डे खणायला माणसं आली की नाही म्हणायचे. अशा मंडळींना ईएसबीच्या भाषेत 'बॅकस्लायडर' म्हणत, आपल्या भाषेत ऐनवेळी पाय मागे घेणारे. त्यांची कारणं नाना तऱ्हेची. गवताचं छप्पर पेट घेईल, गुरांना शॉक बसेल. पण सगळ्यात मोठं कारण तो ठरीव आकार. युनिटची भीती कोणाला नव्हती. युनिट आपल्या हातात असतं, बटण बंद केलं की संपलं. हा आकार बटणाने बंद होत नव्हता.

खेड्यांत या आकाराला लोकांनी नाव ठेवलं 'ग्राउंड रेंट'. आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर भुईभाडं.

हे नाव किती झोंबरं आहे हे कळायला एनिसमध्ये राहावं लागतं. आमच्या गावातल्या एका मुख्य रस्त्याचं नाव पार्नेल स्ट्रीट आहे. १९ सप्टेंबर १८८० रोजी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल याने एनिसच्या सभेत कुळांना सांगितलं होतं, की ज्या शेतातून कुळाला हाकललं आहे ते शेत जर दुसऱ्या कोणी घेतलं, तर त्या माणसाशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा कोणी बोलू नये. काही आठवड्यांत मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हा प्रयोग झाला आणि इंग्रजीला त्याच्या आडनावाचा शब्द मिळाला. बहिष्कार हे हत्यार आपल्याला नवं नाही, पण त्या इंग्रजी शब्दाची नाळ एनिसच्या भाषणाशी आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पुढे १९०३ च्या कायद्यानंतर कुळांनी सरकारी कर्जाने जमिनी विकत घेतल्या, आणि त्या कर्जाचे हप्ते पिढ्यान्पिढ्या चालू राहिले. १९३२ मध्ये डी व्हॅलेराने ते पैसे ब्रिटनला पाठवायचं बंद केलं, त्यावरून दोन देशांत १९३८ पर्यंत जकातीचं युद्ध चाललं, आणि त्यात आयरिश शेतकऱ्याची गुरं मातीमोल झाली. हप्ते निम्मे झाले, पण संपले नाहीत, आता ते डब्लिनला भरायचे एवढंच. हा डी व्हॅलेरा क्लेअरचाच खासदार, आणि १९४६ मध्ये तोच पंतप्रधान.

तर अशा माणसाच्या दारात कोणीतरी टेप घेऊन येतो, त्याच्या घराची लांबी-रुंदी मोजतो, आणि सांगतो की आता दर दोन महिन्यांनी इतके शिलिंग, कायमचे. तो शेतकरी मागे फिरला यात नवल कसलं? ज्याच्या आजोबाला थकलेल्या भाड्यापायी घराबाहेर काढलं होतं, त्याला ठरीव देणं म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं.

तरीही वीज गेली. तीसएक वर्षं लागली, ४ लाख २० हजारांहून जास्त ग्रामीण घरं जोडली गेली. केरीतल्या ब्लॅक व्हॅलीसारखे दुर्गम कोपरे १९७० च्या दशकाच्या शेवटी उजळले. १९६७ मध्ये सरकारने पेन्शनरांना काही युनिट वीज मोफत दिली तेव्हा त्यात स्थिर आकारही माफ केला होता. नुसते युनिट माफ करून भागणार नाही, हे तोपर्यंत मंत्र्यांनाही कळलं असावं.

चटईक्षेत्राची पद्धत केव्हाच गेली. वीजबाजार खुला होऊन २००५ पासून घरगुती ग्राहकाला कंपनी बदलता येते. तारा सगळ्यांच्या एकच, त्या ईएसबी नेटवर्क्सच्या, बिल पाठवणाऱ्या कंपन्या अनेक. उभा आकार प्रत्येक कंपनीचा निराळा, वर्षाला साधारण २०० ते ३०० युरो, काहींचा त्याहून जास्त. आणि आता हिशोब उलटा झाला आहे. बहुतेक कंपन्यांच्या दरपत्रकात 'शहरी' आणि 'ग्रामीण' असे दोन उभे आकार असतात, आणि ग्रामीण जास्त. एनिसच्या हद्दीत राहतो म्हणून मी कमी देतो, कोरोफिनच्या रस्त्याला एकट्या घरात राहणारे म्हातारबाबा जास्त देतात. हॉपकिन्सन खूश झाला असता. क्षेत्रफळ कोणी विचारत नाही, सहा बेडरूमचा बंगला आणि एक खोली यांना आकार एकच.

याच्यात सौर पॅनेल येऊन पडले. आयर्लंडमध्ये ऊन! हसू नका, ३ किलोवॉटचे पॅनेल एनिसमध्येसुद्धा वर्षाला अडीच हजार युनिटांच्या आसपास देतात, आणि इथलं सर्वसाधारण घर वर्षाला ४,२०० युनिट वापरतं. फेब्रुवारी २०२२ पासून घराबाहेर पाठवलेल्या विजेचे पैसेही मिळतात. आपल्यासारखी युनिटला युनिट अशी वजावट इथे नाही, आलेल्या विजेचा दर वेगळा आणि गेलेल्या विजेचा दर वेगळा, अर्थातच कमी. तरी चांगल्या उन्हाळ्यात उभा आकार भागून वर चार पैसे जमा राहतात.

खरी परीक्षा डिसेंबरची. एनिसमध्ये सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारनंतर मावळतो. त्या महिन्यात पॅनेल जूनच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज देतात, तीही धड नाही. आणि देशाची विजेची सगळ्यात मोठी गर्दी नेमकी हिवाळ्यातल्या संध्याकाळी पाच ते सात. त्या वेळी पॅनेल काळेठिक्कर. म्हणजे सौर घर वर्षभरात निम्मी वीज कमी घेतं, पण ज्या दोन तासांसाठी तारा जाड कराव्या लागतात, त्या दोन तासांत ते शेजाऱ्याइतकीच वीज ओढतं. हॉपकिन्सनचा मेजवानीवाला ग्राहक तो हाच. तेव्हा मामांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की पॅनेलमुळे युनिट वाचतात, तार वाचत नाही. सांगलीत हिवाळ्याचं दुखणं नाही, पण रात्र रोज आहे. दिवसा मामांनी दिलेली वीज तारेने शेजारच्या घरात जाते आणि रात्री दुसऱ्या कोणाची तरी वीज त्याच तारेने मामांकडे येते. बॅटरीशिवाय पॅनेल लावणारा माणूस तार उलट दुप्पट वापरतो, एकदा जाताना, एकदा येताना.

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं. ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदवला गेला. देशात ७ लाख ६८ हजार जोडण्या एका दिवसात बंद पडल्या. पश्चिमेला झाडं आडवी, त्यांच्याखाली खांब आडवे, काही घरांत दोन आठवडे अंधार. छपरावर पॅनेल असलेल्या बहुतेक घरांतही अंधारच होता, कारण बाहेरची वीज गेली की साधा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला मागून शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. मदतीला परदेशांतूनही लाइनमन आले होते. त्यांचा पगार कोणत्या युनिटात मोजायचा?

एवढं मान्य केलं तरी मामांचं सगळं म्हणणं चूक ठरत नाही. तारेचे पैसे घ्या, पण त्या ओळीत तारेव्यतिरिक्त काय काय कोंबलं आहे ते सांगा. आयर्लंडच्या बिलावर 'पीएसओ' नावाची आणखी एक ओळ असते. सरकारच्या ऊर्जाधोरणाचा खर्च त्यातून निघतो, आणि घरगुती ग्राहकाला ती युनिटवर नाही, घरटी सारखी लागते. २०२२ मध्ये विजेचे बाजारभाव भडकले तेव्हा ही रक्कम उलटी झाली आणि लोकांना पैसे परत मिळाले हे खरं, पण एरवी ती वसूलच होते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे काही कंपन्यांनी मधल्या काळात लावलेला 'कमी वापराचा' आकार. दिवसाला सरासरी दोन युनिटांहून कमी वीज वापरली तर उभ्या आकारावर आणखी थोडे पैसे! रिकाम्या सुट्टीच्या घरांकडून वसुली हा हेतू असेल, पण जाळ्यात सापडली ती एका दिव्यात दिवस काढणारी एकटी म्हातारी. किमान आकाराचं हे अगदी उघडंवाघडं रूप. कोणत्याही तारेचा खर्च कमी वापराने वाढत नाही.

पण दुसऱ्या टोकालाही खड्डा आहे, आणि महाराष्ट्रात तो जास्त खोल आहे. समजा स्थिर आकार रद्द केला आणि तारेचा सगळा खर्च युनिटच्या दरात घातला. गच्ची असलेले, पैसे असलेले लोक पॅनेल लावतील आणि युनिट घेणं बंद करतील. तारेचा खर्च तेवढाच राहील, आणि तो उरलेल्यांच्या युनिटांवर चढेल. उरलेले कोण? चाळीतले, भाड्याच्या खोलीतले, सहाव्या मजल्यावरचे, ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्परच नाही ते. महाराष्ट्रात विजेच्या दरात पायऱ्या आहेत, जास्त वापरणारा जास्त दर देतो आणि त्यातून खालच्या पायरीवरच्यांचा भार हलका होतो. पॅनेल सगळ्यात आधी लावतो तो याच वरच्या पायरीवरचा. म्हणजे वीज कंपनीच्या हातून नुसतं गिऱ्हाईक जात नाही, दुसऱ्यांचा भार वाहणारं गिऱ्हाईक जातं.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर २०१९ मध्ये हाच वाद होता. मसुद्यात युनिटला युनिट वजावटीवर मर्यादा सुचवली होती, लोकांनी विरोध केला, अंतिम नियमांत वजावट राहिली. त्याबरोबर 'ग्रिड सपोर्ट चार्जेस' नावाचा एक नवा आकार आला, आणि मार्च २०२० च्या आदेशात राज्यातली छपरावरची सौरक्षमता २,००० मेगावॉट होईपर्यंत तो लावायचा नाही असं ठरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळू लागलं, आणि त्या आकड्याकडे जाण्याचा वेग वाढला. मामांनी अनुदान घेतलं तेव्हा हा मजकूर कोणी वाचून दाखवला नव्हता.

माझं मत विचाराल तर ठरीव आकार असावा, पण सगळ्यांना सारखा नसावा. आणि हे काही मी नवीन सांगत नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला की स्थिर आकार उत्पन्नाप्रमाणे असावा, आणि मे २०२४ मध्ये तिथल्या आयोगाने तो मंजूर केला. सर्वसाधारण घराला महिना २४.१५ डॉलर, गरिबांना ६ किंवा १२. यावर तिकडे केवढा गदारोळ झाला, जणू काही जगावेगळी गोष्ट! ईएसबीची माणसं टेप घेऊन क्लेअरच्या शेतांतून फिरत होती तेव्हा हेच करत होती. उत्पन्न विचारायला गेलं की लोक खोटं सांगतात, भिंत खोटं सांगत नाही. आपल्याकडे चटईक्षेत्र महापालिकेच्या घरपट्टीत आधीच मोजलेलं असतं, पण घरगुती स्थिर आकार बघतो तो मुख्यतः सिंगल फेज की थ्री फेज एवढंच.

राहिली ती बंद घरं. पश्चिम क्लेअरला समुद्राकडे जाताना रस्त्याच्या कडेला बंद घरं दिसतात. आईवडील गेले, मुलं बॉस्टनला किंवा सिडनीला. छपरापर्यंत तार मात्र आलेली असते आणि पुष्कळ घरांत ती जिवंत असते. इथे जोडणी दोन वर्षांहून जास्त काळ तोडलेली राहिली, तर परत घेताना नव्या जोडणीसारखा अर्ज आणि वायरिंगचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मुलं तिकडून उभा आकार भरत राहतात. आमच्या ऑफिसातल्या एकाची मावशी न्यूयॉर्कहून भरते. घरात शून्य युनिट.

मामांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय, आपल्या मालवणच्या घराचं बिल बाळ्या मुंबईहून भरतोच की. गणपतीचे दहा दिवस दिवे लागतात, बाकी वर्षभर नुसता आकार." मी विचारलं, "मग मीटर काढून का टाकत नाही?" त्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी तिकडे पाऊस किती आहे ते विचारलं.